दोन प्रतींत दिलेला पेपर

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, माणूस गेलं की त्याच्याबरोबर सगळं जातं. जात असेल लोकांचं. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "सोड ना वं आता, किती दिवस उगाळत बसशील?" उगाळून त्याचं चंदन होत नाही हे मलाही कळतं. पण आज रविवार आहे, समोर परातीत शहपुऱ्याचे मटर सोलायला पडलेत, नवरा दोनदा डोकावून "अच्छा, आज कचोरी नाही का?" असं विचारून गेला, आणि मी परात बाजूला सारून तुम्हाला लिहून राहिले आहे. मराठीत लिहायची सवय सुटली माझी. दिवसभर हिंदीत शिकवते, हिंदीत पेपर तपासते, घरात अर्धं हे नि अर्धं ते. पण तुमच्याशी हिंदीत भांडता येत नाही. आयुष्यात एकदाच भांडले तुमच्याशी, ते मराठीत, आणि तेही अर्धंच राहिलं.

आज ते सगळं वर आलं त्याला कारण आहे. मी इथल्याच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, हे तुम्हाला माहीत होतं. तेव्हा अतिथी विद्वान होते, आजही अतिथी विद्वानच आहे. काय सुंदर नाव दिलंय बघा सरकारनं! वीस वर्षं येणारा पाहुणा. दर वर्षी नव्यानं बोलावणं येतं, दर वर्षी नव्यानं कागद दाखवायचे. तर या वर्षी माझ्याकडे एमएची एक पोरगी आहे, आणि तिनं रिसर्च पेपरसाठी विषय घेतला राष्ट्रीय सुरक्षा धोरण. तिनं विषय सांगितला तेव्हा मी म्हणाले, "दुसरा कुछ नहीं मिला?" ती हसली. तिला वाटलं मॅडम गंमत करून राहिल्या.

तुमचे हात पिवळे होते. नखं, बोटांच्या फटी, तळव्यावरच्या रेषा, सगळं पिवळं. साबणानं जायचं नाही, रॉकेलनं जायचं नाही. आईनं लिंबू चोळून पाहिलं, दही चोळून पाहिलं. तुमचा टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा, कपडे धुवायची बादली वेगळी. उन्हाळ्यात घाम आला की तुमच्या ताटातल्या पोळीवर अंगठ्याचा ठसा उठायचा आणि धाकटा भाऊ टाळ्या पिटायचा, "बाबांनी पोळीला हळद लावली!" दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत तुम्ही बारूद भरायच्या सेक्शनला होता आणि हा पिवळा रंग त्याचाच, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. तुमच्या तोंडून घरात बारूद हा शब्द मी कधी ऐकला नाही. इस्टेटीत, म्हणजे फॅक्टरीच्या वसाहतीत, आमच्या लाइनीत असे पिवळे हात आणखी चार-पाच घरांत होते, म्हणून आम्हाला त्यात विशेष काही वाटायचं नाही. बाहेरच्या शाळेत गेले तेव्हा कळलं की सगळ्यांचे बाप पिवळे नसतात.

नोकरीला लागताना तुम्ही कुठल्याशा कागदावर सही केली होती की आतलं बाहेर सांगणार नाही. ती सही तुम्ही अशी पाळलीत की आज डब्यात भाजी कशी होती हे विचारलं तरी आधी दाराकडे बघायचे. गेटवर तुमची रोज झडती व्हायची. काडेपेटी नाही, बिडी नाही, लोखंडाचा खिळा असलेला बूट नाही. ती झडती तुमच्या हाडात मुरली. दिवाळीत तुम्ही कधी फुलझडी पेटवली नाही. बँक असो, हॉस्पिटल असो, मोठ्या दारातून आत शिरताना तुमचे दोन्ही हात आपोआप खांद्याइतके वर जायचे, आणि मग लक्षात आलं की तुम्ही टोपी नीट केल्यासारखं करून ते खाली घ्यायचे.

आणि तुमचे ते अर्ज. सुट्टी हवी, नवे बूट हवे, क्वार्टरचं छप्पर गळून राहिलं, काहीही असो, अर्ज करायचा, थ्रू प्रॉपर चॅनल, दोन प्रतींत. सोबत जोडलेले कागदही दोन प्रतींत. नागपूरच्या आत्याला राखी पोचल्याचं पत्र लिहिलं तरी खाली कार्बन. आई म्हणायची, "बरं झालं माझ्या बाबांनी स्थळ आणलं. यांनी मागणी घातली असती तर दोन प्रतींत घातली असती, आणि मंजूर होईस्तोवर मी म्हातारी झाली असती." तुम्ही त्यावर हसायचे. तुम्ही हसायचे हे मी विसरलेले नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं.

एमएला नाव घातलं त्या दिवशी तुम्ही मला एक फाईल आणून दिलीत. तपकिरी रेक्झिनची, वर झाकण, झाकणाला बटण. "कागद मुडपू नये," एवढंच म्हणालात. आमच्या लाइनीत एमए करणारी मी पहिली मुलगी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "इतना पढ़के का करेगी?" तर तुम्ही म्हणालात, "पढ़ेगी." तो एक शब्द मी दोन वर्षं उराशी धरून अभ्यास केला बाबा. मला वाटलं, यांना माझ्याकडून काहीतरी हवं आहे.

शेवटच्या वर्षी सरांनी रिसर्च पेपर लिहायला सांगितला. आमचे सर म्हातारे, मफलर गुंडाळून यायचे, बोलायचे कमी. त्यांनी वर्गात सांगितलं की सगळ्यात चांगला पेपर दिल्लीच्या सेमिनारला जाईल, आणि जो जाईल त्याला एम.फिल.साठी तिथे चिठ्ठी मी देईन. त्यांची चिठ्ठी म्हणजे जागा, हे सगळ्यांना माहीत होतं. मी राष्ट्रीय सुरक्षा धोरण घेतलं. तीन महिने लायब्ररीत बसले. सगळी पुस्तकं सीमेपासून सुरू व्हायची, मग सैन्य, मग शेजारी देश, मग करार. मी ते सगळं शहाण्यासारखं उतरवून घेतलं. आणि एका दुपारी, काय झालं कोण जाणे, मी एक पान माझं लिहिलं. त्याची सुरुवात अशी होती, की राष्ट्राच्या सुरक्षेची पुस्तकं सीमेपासून सुरू होतात, पण काही घरांमध्ये ती एका वेगळ्या टॉवेलापासून सुरू होते. मग तुमचे हात. अभ्रा, बादली, पोळीवरचा ठसा. आणि शेवटी प्रश्न, की ज्याच्या हातून देश सुरक्षित होतो त्या हाताचं धोरण कुठल्या कागदात आहे? नाव नव्हतं, फॅक्टरी नव्हती, गाव नव्हतं, आत काय बनतं त्याचं अक्षर नव्हतं. मला माहीतच काय होतं! खाली संदर्भ म्हणून लिहिलं, प्रत्यक्ष निरीक्षण. सरांनी कच्ची वही वाचली आणि त्या पानाच्या बाजूला लाल शाईनं लिहिलं, "यह पन्ना मत काटना." मी बसनं घरी येताना ती ओळ पन्नासदा वाचली असेल. सदर बाजारातल्या टायपिंगवाल्या भैयाकडून दोन प्रती करून घेतल्या, एक पक्की, एक कार्बन, आणि तुमच्या फाईलीत घातल्या. गुरुवारी द्यायचा होता.

रविवार होता तो पण. असेच मटर होते. तुम्ही जमिनीवर मांडी घालून सोलत होता, आई कढईशी होती, आणि मी फाईल तुमच्यासमोर धरली. तुम्ही हात लुंगीला पुसता, बटण उघडता, आणि वाचायला लागता. ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत. मी ओट्याला टेकून उभी आहे. सीमा झाली, करार झाले. मग ते पान आलं आणि तुमचं बोट थांबलं. तुम्ही ते पान दोनदा वाचलंत. बोट जिथे थांबलं होतं तिथे समासात एक पिवळट डाग उठला, तो मी पाहिला.

"हे तू लिहिलं?"

"हो."

"मनानं?"

"डोळ्यांनी," मी म्हणाले. मोठी शहाणी!

"मला विचारलं होतं?"

"तुमचं नाव कुठं आहे त्यात, बाबा?"

"नाव नाही," तुम्ही म्हणालात, "हात आहेत."

मग तुम्ही कागदांच्या कडा जुळवल्या, फाईलीत घातल्या, बटण लावलं आणि म्हणालात, "चलो, मटर सुकून राहिले." मी तिथे उभी राहिले, तुम्ही काही बोलाल म्हणून. मला वाटलं तुम्हाला आवडलं असेल, तुमची आवडायची तऱ्हाच तशी. मूर्ख होते मी.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही ड्यूटीवरून आलात ते जरा खुशीतच. सायकल लावली, हात धुतले आणि खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. तिच्यावर एक नंबर होता. "डायरी नंबर पडला," तुम्ही म्हणालात. "आठ-पंधरा दिवसांत येईल उत्तर." मी विचारलं कशाचं. "तुझ्या पेपरचं. परवानगीसाठी टाकला." मी टेबलाकडे पळाले. फाईल नव्हती. पक्की प्रत नव्हती. कार्बनसुद्धा नव्हता, कारण अर्जाला कागद दोन प्रतींत जोडावे लागतात. जगात दुसऱ्या कुठल्या बापानं पोरीचा कॉलेजचा पेपर फॅक्टरीच्या सिक्युरिटीवाल्यांकडे मंजुरीला टाकला असेल का हो? फाडून टाकला असतात तरी मी समजले असते. जाळला असतात तरी. तुम्ही तो अदबीनं, अर्ज करून, सविनय निवेदन लिहून, दोन्ही प्रती त्यांच्या हातात नेऊन दिल्यात, आणि वर मला नंबर आणून दाखवलात, जसं काही माझं काम करून आलात.

मी ओरडले. त्या लाइनीत पोरीचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. "कॉलेजच्या पेपरला फॅक्टरीची परवानगी कोण मागतं?"

"ज्याची नोकरी आहे तो मागतो," तुम्ही म्हणालात.

"गुरुवारी द्यायचा आहे मला!"

"मग सरांना सांग मुदत वाढवा म्हणून. मी येतो बोलायला. त्यात काय."

आणि खरंच आलात. मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजच्या गेटशी आलात, आणि चौकीदारासमोर दोन्ही हात वर करून उभे राहिलात. तो बिचारा गोंधळून तुमच्याकडे बघत राहिला. मागे माझ्या वर्गातल्या पोरी फिसकन हसल्या. "इथे झडती नाही घेत कोणी," मी दातओठ खात म्हणाले, आणि तुमचा हात धरून खाली ओढला. त्या हसण्याची मला तुमच्यापेक्षा जास्त लाज वाटली, की तुमचीच लाज वाटली, आता सांगता येत नाही. सरांसमोर तुम्ही बसला नाहीत. उभ्यानंच सांगितलंत, "साहब, पेपर अभी सिक्युरिटी में है. परमिशन आ जाए, फिर बच्ची जमा कर देगी." सरांचा चेहरा मी बघत होते. मफलरमध्ये आणखी आत गेला. तुम्ही गेल्यावर ते मला म्हणाले, "बेटा, अब तो पूरा पेपर ही उनके पास है. मैंने पढ़ा है, यह भी कहीं मत कहना. आप विषय बदल लीजिए." ज्यांनी लिहिलं होतं पन्ना मत काटना, त्यांनी विषयच कापला. माझ्याकडे कच्ची वही होती. टायपिंगवाला भैया म्हणत होता, दीदी, रात भर में कर दूंगा. पण घ्यायलाच कोणी तयार नव्हतं.

बुधवारी तुम्ही उशिरा आलात. जेवायला बसलात. पोळी मोडत म्हणालात, "बोलावलं होतं मला. लिहून दिलं."

"काय लिहून दिलं?"

"की पोरीनं मनानं लिहिलं. असं काही नसतं म्हणून."

उन्हाळा नव्हता, तरी त्या पोळीवर ठसा होता बाबा. मी बघत होते. आई बघत होती. "म्हणजे मी खोटं लिहिलं?" मी विचारलं. तुम्ही मान वर केली नाहीत. "हात दाखवून अवलक्षण करायला निघाली होती तू. आता विषय संपला. जेव." तुम्ही पिवळ्या हातानं लिहून दिलंत की हात पिवळे नाहीत. एवढंच मला तुम्हाला म्हणायचं होतं तेव्हा, आणि आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला आतल्या खोलीत नेलं. भांडण अर्धं राहिलं ते तिथे.

मी एका दिवसात पंचायत राजवर पेपर लिहिला. पास झाले. दिल्लीला माझ्याच वर्गातला एक मुलगा गेला, नद्यांच्या पाणीवाटपावर लिहून. हुशार होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आज तो तिकडेच प्रोफेसर आहे, आणि मी दर जुलैत माझे कागद घेऊन रांगेत उभी असते. त्या उन्हाळ्यात आपल्या घरात पेढे वाटले गेले, कारण भाऊ तुमच्याच फॅक्टरीत अप्रेंटिस म्हणून लागला. त्याचा अर्ज त्या आठवड्यात त्याच इमारतीत पडून होता, हे आईनं मला सांगितलं ते तुमच्या तेराव्यानंतर. मी भांडी लावत होते, तशीच उभी राहिले. म्हणजे माझं एक पान खोटं ठरलं आणि त्याच्या जन्माची सोय झाली. आईला वाटलं हे कळलं की माझा राग जाईल. अगं आई, उलट वाढला! मला सांगितलं का नाही यांनी? सांगितलं असतं तर मी स्वतःच्या हातानं ते पान फाडून दिलं असतं. कदाचित. नसतंही दिलं. पण मला कोणी विचारलंच नाही.

परवानगीचं उत्तर सात महिन्यांनी आलं. वरातीमागून घोडं. प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे, म्हणजे फाईल बंद. कागद परत आले नाहीत. तुमची ती रेक्झिनची फाईल मात्र तुम्ही मागून परत आणलीत, कारण ती आपली होती. माझ्या टेबलावर ठेवलीत, रिकामी, बटण लावून. मी ती कधी वापरली नाही. आई तिच्यात विजेची बिलं ठेवायची.

रिटायर झाल्यावर सहा-आठ महिन्यांत तुमचे हात साफ झाले. गोरे हात होते तुमचे, आम्हाला माहीतच नव्हतं. आई खूश. मला मात्र वाटलं, गेला, पुरावाही गेला. त्याच वर्षी संक्रांतीला आपण ग्वारीघाटला गेलो होतो, तुम्ही आंघोळ करून पायरीवर ऊन खात बसला होता. मी धीर करून विचारलं, "बाबा, त्या पेपरचं कधी वाईट वाटतं तुम्हाला?" तुम्ही नर्मदेकडे बघत म्हणालात, "कोणता पेपर?" विसरला होता की विसरल्याचं दाखवत होता, हे मी एकोणीस वर्षं ठरवून राहिले आहे. ज्या दिवशी राग जास्त असतो त्या दिवशी वाटतं, खरंच विसरला होता.

आता या पोरीचं सांगते. तिचे बाप इथल्याच, शेजारच्या पाटणकडचे. शेती सुटली, शहरात आले, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात प्रेसवर ठेक्यानं काम करतात. तिथे पत्र्याचे सुटे भाग दाबून काढतात, ते मोठ्या फॅक्टऱ्यांत जातात आणि पुढे कुठे जातात ते कोणी सांगत नाही. त्या प्रेसखाली त्यांची दोन बोटं गेली. पोरीनं पेपरात सीमा, सैन्य, करार सगळं नीट लिहिलं आणि शेवटी एक पान बापाचं घातलं. मी ते वाचलं. मी विचारलं, "पापा से पूछा?" मला खात्री होती नसेल विचारलं. ती म्हणाली, "उन्हीं से तो पूछ के लिखा है मैडम. सब उन्होंने बोला, मैंने फोन में भर लिया." त्या पानावर तो माणूस बोलतो, बाबा. म्हणतो, बोटं गेल्यावर महिनाभर मी हात खिशात घालूनच घरात वावरायचो, पोरीनं बघू नये म्हणून. मग एक दिवस तीच म्हणाली, पापा दिखाओ. म्हणतो, आम्ही बनवलेली वस्तू कुठे जाते आम्हाला ठाऊक नाही, पण जिथे जाईल तिथे दगा देऊ नये एवढं बघून दाबतो. खाली त्याची सही आहे, वाकडी, उरलेल्या बोटांची.

या पेपराला माझी सही लागते. सोमवारी, म्हणजे उद्या, तो वर जाईल. निवडला गेला तर पोरगी भोपाळला जाईल, आणि तिथून कुठे जाईल कोण जाणे. आणि मी काय केलं? तिला म्हणाले, "इसमें परमिशन देखनी पड़ेगी." ती म्हणाली, "किसकी मैडम?" कोणाचीच लागत नाही. मी म्हणाले, देखते हैं, आणि पेपर पर्समध्ये टाकला. आठ दिवस तो माझ्या पर्समध्ये होता. रोज संध्याकाळी तिचा मेसेज, "मैडम प्रणाम, पेपर देख लिया?" तिसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये बसून प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, उचित माध्यम से, सविनय निवेदन है, आणि खाली हातानं आपोआप लिहिलं गेलं, संलग्न दो प्रति. वाचलं आणि पेन खाली ठेवलं. जणू तुम्हीच खुर्चीत येऊन बसला होता. तो अर्ज दिला नाही. पण फाडलाही नाही.

काल शनिवारी तिचे वडील तिला घेऊन कॉलेजात आले. मी खिडकीतून बघत होते. आता आमच्या गेटवर वर्दीतला गार्ड असतो, तो बॅगा बघतो. ते त्याला राम राम करून सरळ आत आले. खोलीत येऊन म्हणाले, "मैडम, बिटिया कह रही कि हमाई वजह से अटको है. हमें कौनऊ दिक्कत नइयां. उंगली गई सो गई, बात काय जाए?" बोटं गेली ती गेली, बोलणं का जावं, असं म्हणत त्यांनी हात टेबलावर ठेवला, उघडा, मी नीट बघावं म्हणून. मी पर्समधून पेपर काढला आणि सही केली. पोरीनं वाकून नमस्कार केला. मी म्हणाले, "मुझे नहीं, उन्हें करो." मोठं वाक्य टाकल्याचं बरं वाटलं मला, पण खरं सांगायचं तर मी आठ दिवस तो पेपर धरून ठेवला तो नियमासाठी नाही आणि तिच्या काळजीनं तर मुळीच नाही. मला तिचा हेवा वाटला. पोरीएवढ्या पोरीचा हेवा. तिनं दाखव म्हटलं आणि त्यानं हात दाखवला, एवढ्याचा.

हे पत्र एकाच प्रतीत लिहिलं आहे. कुठे टाकायचं नाही, कोणाकडून मंजूर करून घ्यायचं नाही. तुमची फाईल आईच्या कपाटातून मी आणली होती, बटण अजून लागतं, तिच्यात ठेवीन. पण तिच्यात आधीच एक कागद आहे. पेपर माझ्याकडे असताना मी कॉलेजसमोरच्या दुकानात जाऊन त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली. पोरीला सांगितलं नाही, तिच्या बापाला तर नाहीच. आठ दिवसांत पाच-सहा वेळा वाचली असेल. पाटणच्या कोण्या माणसाचं बोलणं मी चोरून घरी आणलं आणि तुमच्या आवाजात वाचत बसले, कारण तुमच्या आवाजातलं माझ्याकडे काही नाही.

त्या रविवारी मटर सोलताना तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. मी त्यावर नावाचं काहीतरी बोलले, आणि मग सोमवार आला आणि मी इतकी ओरडले की उत्तर द्यायचं राहूनच गेलं. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. आज सांगते.

नाही, बाबा. विचारलं नव्हतं.